शब्दचर्चा : 'ओव्हरराइड'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीकर
मंडळी, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी टिपणं लिहितोय. विषय पायऑब्जसी, म्हणजे पायथॉन भाषेतून मॅकचे मूळ ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेतले क्लास (वस्तू घडवायचे साचे) वापरू देणारा पूल. एनएसव्ह्यूसारख्या (खिडकीत चित्र दाखवणाऱ्या) क्लासचा उपवर्ग काढायचा आणि त्यात इनिशियलायझर, म्हणजे नवी वस्तू वापरण्याजोगी करणारा 'इनिट', ओव्हरराइड करायचा, म्हणजे त्याच्या जागी आपला लिहायचा. 'उपवर्ग' आणि 'वारसा' मुलांना लगेच पटले. ओव्हरराइडला मात्र मी 'अधिलेखन' लिहिलं आणि घोळ झाला. दुसरं काही सुचतंय?

नौपाडकर
अधिलेखन म्हणजे आधीच्या मजकुरावर लिहिणं, खालचं गेलं ते गेलंच. फाइल ओव्हरराइट होते तिथे हा शब्द शोभेल. तुमच्याकडे जुनं पुसलं जातं का? जात नसेल तर कायद्याच्या मराठीतला 'अधिभावी' पाहा. 'अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी' अशी सुरुवात असलेली कलमं वाचली असतील. तिथे दुसरा कायदा रद्द होत नाही, तो पुस्तकात शाबूत असतो. त्या मुद्द्यापुरतं हे कलम पुढे येतं, एवढंच.

वाशीवाली
काका, अधिभावी म्हटलं तर पोरं पहिल्याच पानावर उठून जातील. सरळ 'डावलणे' म्हणा की.

ऐरोलीकर
ताई, डावलणे तर मुळीच नको, कारण मुलं चुकतात ती नेमकी तिथेच. स्वतःचा इनिट लिहितात आणि वरच्या क्लासचा इनिट बोलावतच नाहीत. मग एनएसव्ह्यूने आपल्या आतली जी तयारी करायची ती होत नाही. खिडकी कोरी दिसते किंवा प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो, आणि पोरगा शोधत बसतो चित्र काढायच्या कोडमध्ये.

इथे ओव्हरराइड म्हणजे आधी वरच्याला त्याचं काम करू द्यायचं, तो जे परत देईल ते सेल्फमध्ये (आपल्या वस्तूच्या नावात) ठेवायचं, ते 'नन' (पायथॉनचं 'काहीच नाही') नाही ना हे बघायचं, मग आपलं काम करायचं आणि शेवटी सेल्फ परत द्यायचं. ही शेवटची ओळ विसरली की पायथॉन आपण होऊन नन देतो, आणि वस्तू मागणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. पायथॉनची सवय असलेल्यांना हे खटकतं. त्यांचा दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोअर लावलेला इनिट काही परत देत नाही. शिवाय ॲलॉक (वस्तूसाठी जागा राखणं) आणि इनिटच्या वाटेने वस्तू घडते तेव्हा तो बोलावलाही जात नाही.

नौपाडकर
'तो जे परत देईल ते' असं का? वस्तू तर हातात आहेच ना?

घणसोलीकर
काका, इथे मी बोलतो. ॲलॉक म्हणजे सिडकोचं वाटपपत्र. भूखंड तुमच्या नावे निघाला, पण त्यावर वीटही नाही. राहण्याजोगं काही उभं राहतं ते इनिटमध्ये. आणि ताबा घ्यायला गेल्यावर 'हा नाही, शेजारचा घ्या' असं सांगण्याची इनिटला मुभा आहे! एनएसस्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकुराच्या क्लासमध्ये, हे खरोखर घडतं. ॲलॉक एक तात्पुरती वस्तू देतो आणि इनिट तिच्या जागी निराळीच देतो. काहीच जमलं नाही तर निल देतो, तोच पायथॉनमध्ये नन होऊन येतो. म्हणून जुन्या सेल्फला चिकटून राहायचं नाही.

एक तांत्रिक टीप : वरच्या क्लासला बोलावणारा 'सुपर' पायथॉनचा नेहमीचा नको, पायऑब्जसीने दिलेला घ्या.

वाशीवाली
बरं, डावलणे मागे घेते. पण मग 'कोणता इनिट' हेही मुलांना सांगावं लागेल ना? माझ्या आठवणीत खूप लांब नावांचे इनिट होते.

ऐरोलीकर
हो, आणि ती नावं टिपणात लिहिताना पेन झिजतं. ऑब्जेक्टिव्ह-सीतल्या नावातल्या प्रत्येक अपूर्णविरामाच्या जागी पायथॉनमध्ये अंडरस्कोअर येतो. एनएसविंडोचं तर इनिटविथकंटेंटरेक्ट, स्टाइलमास्क, बॅकिंग, डिफर असं चार तुकड्यांचं नाव आहे, म्हणजे चार अंडरस्कोअर. शेवटचा विसरला की ती मेथड (क्लासमधलं नाव दिलेलं काम) निराळी ठरते, मग आपला कोड कोणी बोलावत नाही आणि तक्रारही कोणी करत नाही.

एनएसव्ह्यूचा मुख्य इनिट म्हणजे इनिटविथफ्रेम. साधा इनिट बोलावला तरी तो शून्य आकाराची चौकट घेऊन त्याच्याकडेच जातो. उलट होत नाही. म्हणून नुसता इनिट ओव्हरराइड करणाऱ्याचा कोड चौकट देऊन व्ह्यू घडवला की चालतच नाही. अशा इनिटला इंग्रजीत 'डेझिग्नेटेड इनिशियलायझर' म्हणतात; त्यातल्या 'डेझिग्नेटेड'ला मी 'नियत' लिहिलं होतं, आता 'मुख्य' करतो.

नौपाडकर
'मुख्य' उत्तम. ओव्हरराइड मात्र ओव्हरराइडच ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ द्या : 'मूळ मेथड शाबूत ठेवून तिच्या जागी आपली पुढे करणे'. अधिभावीचा हट्ट सोडला. पण सुपरक्लासला, म्हणजे वरच्या क्लासला, तुम्ही काय केलंत?

ऐरोलीकर
'महावर्ग'.

वाशीवाली
महा कशाला? एनएसव्ह्यूच्या वर एनएसरिस्पॉन्डर, त्याच्या वर एनएसऑब्जेक्ट. वर जावं तसं ज्याला-त्याला कमीच येतं. व्ह्यूला चित्र काढता येतं, ऑब्जेक्टला तेही नाही. महा कसला त्यात!

घणसोलीकर
जनकवर्ग?

ऐरोलीकर
घेतला. वारसा आहेच, तर जनकही असू दे. रात्री टिपण सुधारतो. एक सांगा, 'इनिट' पुल्लिंगी चालेल ना? आपण सगळे 'तो इनिट'च म्हणतोय.

नौपाडकर
चालेल. मेथड स्त्रीलिंगी, इनिट पुल्लिंगी. मराठीला याची सवय आहे.