नव्या कपाटाचा वास: फॉर्मल्डिहाइड शोषणारा रंग, फोटोकॅटॅलिटिक रंग की मातीचा गिलावा?

प्रश्न (नवी_खोली)
१० बाय १२ ची बेडरूम, उंची साडेनऊ फूट. एमडीएफचं (लाकडाचे तंतू राळेने दाबून केलेल्या शीटचं) कपाट, ६ शीट लागल्या. दारांना बाहेरून सनमायका, आतून सगळं कच्चं. दोन महिने झाले तरी कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात, शीटच्या राळेतून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूने. रंगारी शीर्षकातले तीन पर्याय सुचवतोय. खोली उत्तरेची, दिवे एलईडी. काय करावं?

रंगरसायन
फोटोकॅटॅलिटिक, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर वायू तोडणारा रंग, आधी बाद करा. त्यातला ॲनाटेज टायटॅनियम डायऑक्साइड साधारण ३८८ नॅनोमीटरच्या खालच्या, म्हणजे अतिनील प्रकाशावरच काम करतो. पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतो. शिवाय असा उजेड भरपूर असला तर टायटॅनियम डायऑक्साइड रंगातल्या ॲक्रिलिक बाइंडरलाच, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या घटकालाच, खातो: भिंतीला हात लावला की पांढरी भुकटी लागते आणि तुटलेल्या बाइंडरमधून ॲल्डिहाइडच बाहेर पडतात. सिलिकेट बाइंडर असेल तर हा त्रास बराच कमी.

शोषणारं इमल्शन अंधारातही चालतं. त्यातले हायड्राझाइड किंवा अमाइन हे रासायनिक गट फॉर्मल्डिहाइडला रासायनिक बंधाने धरतात. पण गट संपले की काम संपलं. वरून साधा रंग किंवा वॉलपेपर चढवला तरी तेच. थिनरच्या वासावर, म्हणजे टोल्यूइन-झायलीनवर, त्याचा उपयोग नाही. दुकानदाराकडे आयएसओ १६०००-२३ चाचणीचा (रंग फॉर्मल्डिहाइड किती शोषतो ते मोजणाऱ्या) अहवाल मागा. डब्यावरचं ‘लो व्हीओसी’ म्हणजे रंग स्वतः कमी वाफा सोडतो, एवढंच.

प्लाय_आणि_लॅमिनेट
रंगाआधी हिशेब करा. ८ बाय ४ च्या ६ शीट, दोन्ही बाजू मिळून ३८४ चौरस फूट. दारांवरचा सनमायका वजा करून सव्वातीनशेच्या वर उघडे. रंगवायला मोकळी भिंत जेमतेम २७०, म्हणजे २५ चौरस मीटर. समजा रंगाचा एक चौरस मीटर ताशी ०.३ घनमीटर हवा स्वच्छ करतो, तर सगळी भिंत मिळून साडेसात. खोली ३२ घनमीटरची! समोरासमोरची दार-खिडकी उघडी ठेवून याच्या कितीतरी पट हवा बदलते.

पैसे कपाटावर घाला. सर्वांत जास्त सुटतं ते कच्च्या कडांतून, बिजागऱ्यांच्या खाचांतून, शेल्फच्या पिनांच्या भोकांतून आणि मागच्या पॅनलमधून, कारण एमडीएफचा गाभा पृष्ठभागापेक्षा सच्छिद्र असतो. कडांना पीव्हीसी एज बँड, भोकांना टोप्या. आतून लायनर लॅमिनेट लावताना रबर गम नको, त्यातल्या सॉल्व्हंटचा नवा वास बसेल. पांढरा गम लावून रात्रभर दाब ठेवा. ते जमत नसेल तर पाण्यावरचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, तीन हात, मध्ये २२० नंबरचा कागद. मेलामाइन पॉलिश अजिबात मारू नका. ते ॲसिड हार्डनरने सुकतं आणि सुकताना स्वतःच फॉर्मल्डिहाइड सोडतं.

चुना_माती
मातीचा गिलावा ओलावा आणि ओझोन छान घेतो. फॉर्मल्डिहाइड मात्र सैल धरतो, उकाडा वाढला की परत सोडतो. ओलाव्यासाठी करायचाच असेल तर जुनं इमल्शन खरवडा, वाळूचा प्रायमर मारा, २-३ मिमीचे दोन थर द्या. वर सीलर मारलात की भिंतीचा श्वास बंद, सगळी मेहनत वाया.

नवी_खोली
मग कपाटच आधी. फरक पडला हे मोजायचं कसं?

रंगरसायन
स्वस्त मीटरवर विसंबू नका, सॅनिटायझर आणि परफ्यूमलाही त्यांचा आकडा उडतो. लॅबकडून डीएनपीएच नळीने (हवेतला फॉर्मल्डिहाइड रसायनात पकडणाऱ्या) नमुना घ्या. आदल्या रात्रीपासून खोली बंद, कपाटाची दारं उघडी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ३० मिनिटांच्या सरासरीला ०.१ मिलिग्रॅम प्रति घनमीटर आहे. आधीचं आणि नंतरचं मोजमाप एकाच तापमानाला आणि ओलाव्याला घ्या. एमडीएफमधली युरिया-फॉर्मल्डिहाइड राळ दमटपणाने तुटते, त्यामुळे पावसाळ्यातला आकडा हिवाळ्यातल्याशी ताडून काही कळणार नाही.