वायफायवर चालणारा रोबोट, बॅटरी लवकर संपते. नक्की कुठे वाचवायची?

कॉरिडॉर_बॉट: नमस्कार मंडळी, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, मजल्यावर एका डिपार्टमेंटमधून दुसऱ्यात फायली पोचवणारा छोटा रोबोट. वर रास्पबेरी पाय ४ (छोटा कॉम्प्युटर), खाली ईएसपी३२ (मोटर सांभाळणारी, वायफायवाली कंट्रोलर चिप), दोन गिअर मोटर, त्यांना करंट देणारा एल२९८एन ड्रायव्हर, ११.१ व्होल्ट २२०० एमएएचची लिपो बॅटरी. कॅमेऱ्याचा व्हिडिओ आरओएस २ या रोबोटच्या सॉफ्टवेअरमधून वायफायवर लॅपटॉपला येतो. बॅटरी बघता बघता उतरते आणि टीममधले म्हणतायत वायफायच खातंय, काढून ब्लूटूथ लावू. खरंच वायफाय एवढं खातं का?

सोल्डर_दादा: आधी हिशोब मांडा ना. बॅटरीत साधारण २४ वॅट-तास आहेत. पाय ४ नुसता चालू ठेवला तरी तीन वॅटच्या आसपास घेतो. ईएसपी३२ चा रेडिओ पाठवताना जास्तीत जास्त २४० मिलिअँपच्या घरात जातो, म्हणजे पाऊण-एक वॅट, तेही क्षणभर. मला खरी शंका एल२९८एन ची आहे, जुन्या बायपोलर ट्रान्झिस्टरची चिप, १ अँपिअरला १.८ ते ३.२ व्होल्ट स्वतःच गिळते, म्हणजे एका मोटरमागे दोन-तीन वॅट नुसती उष्णता. रोबोट थोडा वेळ चालवून हीटसिंकजवळ हात धरून बघा, कळेल. मॉसफेटवाला (कमी व्होल्ट गिळणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) ड्रायव्हर घ्या, पण मोटर अडकल्यावर किती करंट ओढते ते बघूनच, त्यातला टीबी६६१२ सलग १.२ अँपिअरपर्यंतच झेपवतो.

पॅकेट_ताई: दादांशी सहमत, पण वायफायला एकदम क्लीन चिट नको. कच्चा व्हिडिओ पाठवताय का? ६४० बाय ४८० रंगीत, सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे जवळपास २७ एमबी दर सेकंदाला, रेडिओ आणि प्रोसेसर दोघांनाही उसंत नाही. आरओएसचा कॉम्प्रेस्ड टॉपिक, म्हणजे दाबून लहान केलेला व्हिडिओ लावा, सेकंदाला फ्रेम पाचवर आणा, फायली पोचवायला तेवढं पुष्कळ झालं. आणि वायफायचा पॉवर सेव्ह चालू ठेवलात तर राउटर डेटाची पाकिटं अडवून धरतो आणि बीकनच्या (राउटर ठराविक वेळाने सोडतो त्या हाकेच्या) वेळी, साधारण दर १०० मिलिसेकंदाला, रोबोटला कळवतो, सिग्नल खराब असला की त्याहून उशीर. म्हणून थांबायचा निर्णय लॅपटॉपवर सोडूच नका प्लीज, अर्धा सेकंद कमांड आली नाही की ईएसपी३२ ने स्वतःच मोटर बंद करायची. कॉरिडॉरमध्ये माणसं चालतात, हे बॅटरीच्याही आधी करा.

कॉरिडॉर_बॉट: खूप थँक्यू दोघांना, ड्रायव्हर उद्याच बदलतो. अजून एक, जिन्यापाशी सिग्नल एकदम पडतो. तिथला डेटा पाठवायला रोबोट राउटरजवळ आणावा का?

पॅकेट_ताई: मुद्दाम नको. समजा चालताना मोटर १० वॅट घेतात आणि जायला १० सेकंद, यायला १० सेकंद, झाले २०० ज्यूल. रेडिओने खराब सिग्नलमुळे एक वॅट जास्त खाल्ला तरी तेवढं जळायला २०० सेकंद लागतील. पण जिन्यापाशी ताटकळत उभं राहून पाठवणंही महागच, कारण तेवढा वेळ रास्पबेरी पाय जागा असतो आणि सिग्नल पडला की वायफाय वेग कमी करतं, तेवढाच डेटा पाठवायला कितीतरी जास्त वेळ. एसडी कार्डवर साठवा, पुढची फाईल घेऊन रोबोट राउटरजवळून जाणारच आहे, तेव्हा जाता जाता एकदम पाठवा.

सोल्डर_दादा: आणि मेमरी कार्डवर लिहिताना पण थोडं थोडं नको, गोळा करून लिहा.