सस्पेंडपूर्वी सगळी रजिस्टरे जपली की काम संपते काय?

रात्रपाळी: काल येथे एका सदस्याने लिहिले की सस्पेंडपूर्वी, म्हणजे संगणक झोपवण्यापूर्वी, उपकरणाची सगळी रजिस्टरे (चिपमधल्या सेटिंग आणि स्थिती ठेवणाऱ्या छोट्या जागा) वाचून ठेवावीत, रिझ्यूमला, म्हणजे जागे होताना, जशीच्या तशी परत लिहावीत, आणि ज्याला एवढेही जमत नाही तो ड्रायव्हर-लेखक (उपकरण चालवणारा प्रोग्राम लिहिणारा) आळशी समजावा. हा शिक्का वाचून राहवले नाही. कित्येक इंटरप्ट स्टेटस रजिस्टरांत (उपकरणाने प्रोसेसरला मारलेल्या हाकांची, म्हणजे इंटरप्टची, नोंद ठेवणाऱ्या) १ लिहिल्याने बिट पुसले जाते. तेथे जुनी किंमत परत लिहिणे म्हणजे नुकताच आलेला इंटरप्ट आपल्याच हाताने पुसणे होय. डीएमए (उपकरणाने थेट मेमरीत लिहिणे-वाचणे) सुरू करणारे बिट रिंगच्या (त्यासाठी मेमरीत राखलेल्या रांगेच्या) पत्त्याआधी लिहिले गेले, तर उपकरण भलत्याच मेमरीत लिहू लागते. लिनक्सचा पीसीआय कोअर (पीसीआय कार्डे सांभाळणारा भाग) कॉन्फिगरेशन स्पेसचे, म्हणजे कार्डाच्या ठरावीक सेटिंगच्या जागेचे, पहिले ६४ बाइट आणि काही कॅपॅबिलिटी (जादा सोयींच्या नोंदी) जपतो. बाकीचे ड्रायव्हरने नव्याने उभे करायचे असते.

तांब्याची तार: नव्याने म्हणणे सोपे आहे. आम्ही ऑडिओ कोडेकची (आवाजाच्या चिपची) रजिस्टरे रेगमॅपच्या (लिनक्समधल्या रजिस्टरे हाताळणाऱ्या सोयीच्या) कॅशेतून परत लिहितो, म्हणजे तुम्ही ज्याला नावे ठेवता तेच करतो. वापरकर्त्याने लावलेला आवाज चिपला दुसरे कोण आठवून देणार?

रात्रपाळी: ती कॅशे म्हणजे ड्रायव्हरने स्वतः लिहिलेल्या किमतींची वही आहे, आणि व्होलाटाइल (उपकरण स्वतःच बदलते अशी) म्हणून सांगितलेली रजिस्टरे तिच्यात ठेवलीच जात नाहीत. तुमचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

चार्जर कुठे आहे: आपण दोघे कशावर भांडता? माझ्या नव्या लॅपटॉपमध्ये एस३ (मेमरी सोडून बहुतेक वीज तोडणारी झोप) उरलेलेच नाही. झोपेचे प्रकार सांगणाऱ्या मेम स्लीपच्या फाइलीत एकटे एस२आयडल (वीज न तोडता सगळे निवांत करणारी झोप) दिसते. दादरला झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप पुण्यात बाहेर काढला तेव्हा हाताला चटका बसला आणि बॅटरी ९ टक्क्यांवर होती. सेवा केंद्राचा सल्ला असा की प्रवासात तो बंदच करत जा!

तांब्याची तार: त्यात ड्रायव्हरचा काय दोष?

रात्रपाळी: असू शकतो. एस३ मध्ये बहुतेक उपकरणांची वीजच जात असल्याने ड्रायव्हरचा गलथानपणा झाकला जाई; एस२आयडलमध्ये एक उपकरण जागे राहिले तरी प्रोसेसरची अख्खी चिप खोल झोपेत जात नाही.

तांब्याची तार: एस३ चे गोडवे गाणाऱ्यांनी पीएम ट्रेस ही लिनक्सची शोधसोय वापरून पाहावी. रिझ्यूम कुठे अडकते याची खूण ती आरटीसीत (संगणक बंद असतानाही चालणाऱ्या घड्याळात) लिहिते आणि घड्याळाची वाट लावते. मी तीन रात्री असा शोध घेतला, आणि मेक (प्रोग्राम बांधणारे साधन) प्रत्येक वेळी फाइलींच्या तारखा भविष्यातल्या आहेत म्हणून कुरकुरत राहिले. शेवटी सापडले ते असे की रनटाइम पीएमने (संगणक चालू असतानाच रिकाम्या उपकरणांना झोपवणाऱ्या व्यवस्थेने) कार्ड आधीच डी३कोल्डमध्ये, म्हणजे वीज तोडलेल्या अवस्थेत, गेले होते, त्यामुळे वाचलेल्या प्रत्येक रजिस्टरात सगळे एफ (म्हणजे उत्तरच नाही) आले आणि तेच एफ मी इमानेइतबारे परत लिहिले.

रात्रपाळी: म्हणजे ‘सगळी रजिस्टरे जपा’ या पंथाचे आपण जुने वारकरी दिसता.

तांब्याची तार: टोमणा पोचला. ‘सगळी’ हा शब्द मी सोडतो, कोडेक सोडत नाही.

रात्रपाळी: कोडेक आपल्याकडेच राहू द्या. चार्जरवाले, झोपवण्यापूर्वी वाय-फायचा ड्रायव्हर काढून एक रात्र पाहा.

चार्जर कुठे आहे: पाहिले. रात्रभरात बॅटरी फक्त ३ टक्के उतरली. तरीही मला माझे एस३ परत हवे आहे.