पोटगी थकवणारा उमेदवार ‘कुटुंबवत्सल’ कसा?

नीरेकाठची
नोव्हेंबर 2024 मध्ये, विधानसभेच्या प्रचारात, आमच्या दारात एक चारपानी रंगीत पत्रक पडलं. पहिल्या पानावर आई औक्षण करतेय, मागे भाऊ-भावजया, पुतणे, आणि खाली ठळक अक्षरांत ‘कुटुंबवत्सल नेतृत्व’. उमेदवाराची बायको फोटोत नव्हती. ती आमच्याच गल्लीत माहेरी राहते, ब्लाउज शिवून देते. मुलगी पाचवीत आहे. कोर्टाने पोटगी मंजूर केली, त्यातले तीन महिन्यांचे पैसे आले, मग बंद. पत्रक तिच्याही दारात टाकून गेले होते. मी गेले तेव्हा ते मशीनवर पडलेलं होतं आणि त्याच्या कोऱ्या कडेवर तिने कुणाच्या तरी बाहीचं माप लिहिलं होतं.

कुणी लग्न करावं, मोडावं की एकटं राहावं, याच्याशी मला कर्तव्य नाही. पण घर दाखवून मत मागत असाल तर घरातलं देणं आधी चुकतं करा. उमेदवाराला भरावं लागणारं प्रपत्र 26, म्हणजे अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र, मी मुद्दाम वाचलं. सरकारी निवासस्थानाचं भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी त्यात विचारतात. फौजदारी खटले विचारतात, म्हणजे 498 अ, बायकोच्या छळाचा खटला, असेल तर कळतं. पोटगीचा दावा मात्र गुन्हा नाही, आणि थकलेल्या पोटगीला वेगळा रकाना नाही. तो असायला हवा.

साधासरळ
ताई, त्या बाईंबद्दल वाईट वाटलं, पण रकान्याला माझा विरोध आहे. आमदार निवडतो तो पाण्यासाठी, रस्त्यासाठी. अटलबिहारी वाजपेयी अविवाहित होते, काय अडलं? नरेंद्र मोदींनी 2014 मध्ये वडोदऱ्यात पत्नीचं नाव पहिल्यांदा लिहिलं. आधीच्या अर्जांत ती जागा कोरी होती. सगळीकडे चर्चा झाली आणि लोकांनी 5 लाख 70 हजारांच्या मताधिक्याने निवडून दिलं. मतदाराला काय बघायचं ते कळतं. एप्रिल 2024 मध्ये अरुणाचलच्या तेजू मतदारसंघाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की उमेदवाराने आपलं सगळं आयुष्य मतदारापुढे उलगडलंच पाहिजे असं नाही. आज पोटगी, उद्या भावाभावांतली वाटणी. थांबणार कुठे?

नीरेकाठची
जिथे कोर्टाचा आदेश आहे तिथे. वाटणीचं भांडण ही दोन बाजूंची गोष्ट. पोटगीचा आदेश झाला की तो निकाल असतो. आणि वडोदऱ्यात ते नाव का लिहिलं गेलं? रकाने कोरे ठेवता येणार नाहीत असं न्यायालयाने सप्टेंबर 2013 मध्ये सांगितलं म्हणून. आधी कळू द्या, मग मतदार काय करायचं ते करेल.

माजी_सदस्य
मी ग्रामपंचायतीत एक टर्म होते. घराची परीक्षा घेणारा कायदा आमच्याकडे आहेच. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं की सरपंचपद, सदस्यपद गेलं. आमदार-खासदारांना हा नियम नाही. छाननीच्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या बाईचा अर्ज यावरच उडाला. विरोधी पॅनेलने जन्मनोंदीचा उतारा आणला होता. दोन मुलींवर मुलगा हवा हे सासूने ठरवलं, नवऱ्याने मान डोलावली, बाद झाली ती. उतारा वाचला जात होता तेव्हा तिसरा, तो मुलगा, तिच्याच मांडीवर झोपलेला. धाकटं मूल दत्तक दिलं तरी सुटका नाही, हे ओडिशाच्या एका प्रकरणात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय.

म्हणून सांगते, घर मोजायला घेतलं की फास बाईच्याच गळ्यात पडतो. तुमचा रकाना आला तर अर्ज भरायच्या आदल्या रात्री चार प्रतिष्ठित माणसं त्या शिवणाऱ्या मुलीच्या घरी जातील आणि ‘सगळं मिळालं’ अशा कागदावर सही घेऊनच उठतील.

नीरेकाठची
ही भीती खरी आहे आणि माझ्याकडे तिचं पूर्ण उत्तर नाही. सहीऐवजी बँकेत जमा झाल्याचा पुरावा मागता येईल. दोन अपत्यांच्या नियमाशी मात्र याची तुलना नको. तिथे बाईला बाद करतात, इथे कुणालाच बाद करा म्हणत नाही.

तालुका_कोर्ट
पोटगीची कामं रोज बघतो. रकाना येईल तेव्हा येईल, पण आहे तेच प्रतिज्ञापत्र हाती घ्या. नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून (प्रकरण नागपूरचं) पोटगीच्या दाव्यात नवरा-बायको दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. तिथे बहुतेक नवरे ‘शेती कोरडवाहू, उत्पन्न नाही’ लिहितात. तोच माणूस प्रपत्र 26 मध्ये गाड्या, भूखंड, ठेवी आणि पाच वर्षांच्या विवरणपत्रातलं उत्पन्न लिहितो. दोन्ही शपथेवर. दोन कागद शेजारी ठेवले की त्याची विश्वासार्हता न्यायाधीशांसमोरच उघडी पडते. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रपत्र 26 कुणालाही मिळतं. वसुलीच्या अर्जाला जोडा, रक्कम वाढवूनही मागा.

साधासरळ
याला माझी हरकत नाही. जे त्याने स्वतः जाहीर केलंय ते वापरा. नव्या रकान्याला विरोध कायम.

नीरेकाठची
वकीलसाहेब, आत्ताच काढलं. पान तीनवर दोन चारचाकी आहेत, एक 2023 ची. पैसे बंद झाले तेही 2023 मध्येच. प्रिंट घेऊन तिच्याकडे निघाले.