गेटसाठी क्लासचं पार्सल मागवायचं की नाही? सिव्हिलवाल्यांनी बोला

खाडीपलीकडचा (रत्नागिरी तालुका)

गणपती गेले आणि दुसऱ्याच दिवशी शेजारचे काका मुलाला घेऊन घरी आले. मुलगा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. फेब्रुवारीत गेट (एम.टेक.ची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा) द्यायची, एम.टेक.ला जायचं असं ठरलंय. काकांनी मोबाइल पुढे केला. एका क्लासचा घरपोच संच होता: सत्तावीस पुस्तकं, सराव चाचण्या आणि वर एक सॅक फुकट. किंमत वीस हजारांच्या घरात. "आंब्याचे पैसे बाजूला ठेवलेत, तू फक्त हो म्हण," म्हणाले. मी "नको" म्हटलं. काका चहा अर्धा ठेवून उठले, ते अजून बोललेले नाहीत.

तर माझं मत इथे मांडतो, भांडायला या.

पेपरात 65 प्रश्न, 100 गुण, वेळ 3 तास. त्यातले 15 गुण अ‍ॅप्टिट्यूडचे, 13 च्या आसपास इंजिनिअरिंग मॅथ्सचे. म्हणजे 28 गुणांना सिव्हिलचं पुस्तक उघडावंच लागत नाही, आणि आपली मुलं तिथेच सगळ्यात कमी वेळ देतात. मागच्या वर्षांचे पेपर आणि उत्तरतालिका अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात. आधी त्यातला एक पेपर घड्याळ लावून सोडवावा, आपण कुठे उघडे पडतो ते बघावं आणि मग ठरवावं काय विकत घ्यायचं. दुखतंय कुठे ते कळायच्या आत औषधांचं अख्खं खोकं कशाला आणायचं? बाकी कॉलेजच्या ग्रंथालयात मूळ पुस्तकं आहेत, आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटेलवरची व्याख्यानं फुकट आहेत.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पहिल्या खेपेला मीही पार्सल मागवलं होतं. सॉइलच्या पुस्तकात इफेक्टिव्ह स्ट्रेसची (मातीच्या कणांनी प्रत्यक्ष पेललेल्या ताणाची) चौकटच होती: पाणी जमिनीखाली असेल तर हे सूत्र, जमिनीलगत असेल तर ते, जमिनीच्या वर असेल तर तिसरं. तिन्ही पाठ. परीक्षेच्या आदल्या महिन्यात एका मित्राने सहज विचारलं, तुमच्या खाडीत भरतीचं पाणी दोन मीटर चढलं तर तळाच्या मातीतला इफेक्टिव्ह स्ट्रेस कितीने वाढेल? मी चौकट आठवत बसलो. उत्तर शून्य! पाण्याचं वजन वरून जेवढं वाढतं तेवढाच मातीच्या छिद्रांतला पाण्याचा दाबही वाढतो, दोन्ही 19.62 किलोपास्कल, वजाबाकीत काही उरत नाही. जन्म खाडीकाठी गेला आणि मला हे माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी मूळ पुस्तक पहिल्या प्रकरणापासून वाचलं. एनआयटीला नंबर लागला तो त्या खेपेला.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

भरतीचं उदाहरण झकास, पण तुमचा हिशेब नोकरी नसलेल्या माणसाचा आहे. मी महामार्गाच्या कामावर साइट इंजिनिअर होतो. सकाळी सातला बाहेर, परत यायला रात्रीचे आठ, पावसाळ्यात दरड आली तर तेही नाही. रोज हातात दोन तास. त्या दोन तासांत मूळ पुस्तकातलं एक प्रकरण वाचून त्यातलं गेटच्या कामाचं कुठलं आणि विद्यापीठाच्या पेपरापुरतं कुठलं हे मी निवडत बसायचं? ते निवडलेलं म्हणूनच क्लासचं पुस्तक विकत घ्यायचं असतं. वीस हजार कागदाचे नसतात हो, दुसऱ्या कोणीतरी घालवलेल्या वेळाचे असतात.

आणि जुन्या पुस्तकांबद्दल एक. ताईच्या हाताच्या नोट्स होत्या माझ्याकडे, सोन्यासारख्या. 22 जुलै 2021 ला पुराचं पाणी घरात शिरलं. चार दिवसांनी कपाट उघडलं तर सगळा एकच लगदा. क्लासवाल्याला फोन केला, पंधरवड्यात नवा संच आला. ताईच्या नोट्स पुन्हा कोण छापणार?

कातळावरचा (देवगड)

दोघांनाही एक विचारतो. एनपीटेल बघायला रेंज कुठून आणायची? आमच्या वाडीत ती फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, येते, आणि सड्यावर बसून फ्लुइड मेकॅनिक्स ऐकायला मी काही गुराखी नव्हे. एकेका विषयाची तासातासाची तीस-चाळीस व्याख्यानं! दुसरी गोष्ट, बागायतदाराच्या घरात अभ्यासाचा खरा मोसम आहे तेव्हाच मोहोर येतो. डिसेंबर-जानेवारीत फवारणीला माणूस मिळत नाही, घरातला मुलगाच पंपाला लागतो. गेट नेमकी फेब्रुवारीत. तेव्हा मुलाकडे छापील काहीतरी हवं, वीज गेली तरी कंदिलात वाचता येईल असं. क्लासचं की ग्रंथालयातलं, हा वाद पुण्यात बसून करा.

खाडीपलीकडचा

@वाशिष्ठीकाठ, ताईच्या नोट्सचं वाचून वाईट वाटलं. पण दुसऱ्याने घालवलेला वेळ विकत घेतला तरी डोकं आपलंच वापरावं लागतं ना? न्यूमेरिकल प्रश्नाला पर्याय नसतात, आकडा स्वतः भरायचा. तिथे सूत्राची अट विसरलात की गेलात. शिवाय स्कोअर 3 वर्षं चालतो. घाई कसली?

वाशिष्ठीकाठ

घाई कसली? सव्विसाव्या वर्षी घरचे मुली बघायला लागतात, ही घाई. 3 वर्षं चालण्यासाठी स्कोअर आधी एकदा यावा लागतो. आणि तुम्ही सोयीचं तेवढं सांगताय. पर्यायांच्या प्रश्नात चुकलं की एका गुणाला एक तृतीयांश, दोन गुणांना दोन तृतीयांश जातात. न्यूमेरिकलला आणि एकाहून जास्त उत्तरं बरोबर असणाऱ्या प्रश्नांना काहीच जात नाही. कुठे हात घालायचा आणि कुठे सोडायचं हे मूळ पुस्तक शिकवत नाही, क्लास शिकवतो. पहिल्या खेपेत तुमचं सॉइल कच्चं राहिलं, त्याचं खापर पार्सलवर फोडलंत. पुढच्या वर्षी पास झालात ते मूळ पुस्तकामुळे की तोच अभ्यास दुसऱ्यांदा केल्यामुळे, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

खाडीपलीकडचा

हा शेवटचा प्रश्न बोचला. उत्तर नाही माझ्याकडे.

लिमिट स्टेट (पॉलिटेक्निकात शिकवतो)

मूळ पोस्टमधल्या "ग्रंथालयात मूळ पुस्तकं आहेत" या वाक्यावर मला तांबडी शाई चालवायची आहे. कुठल्या सालची आहेत ते बघितलंत का?

आमच्याकडे स्टीलचं एक जाड पुस्तक आहे. बांधणी उत्तम, मुलांच्या हातात सतत असतं, पण आतलं सगळं आयएस 800 च्या, म्हणजे स्टीलच्या बांधकामाच्या भारतीय कोडच्या, 1984 च्या आवृत्तीवर, म्हणजे वर्किंग स्ट्रेस पद्धतीने. हा कोड 2007 मध्ये बदलला आणि लिमिट स्टेट पद्धत आली. गेल्या वर्षी एक मुलगा महिनाभर ते पुस्तक मन लावून करून आला. मेहनत इतकी स्वच्छ की त्याला सांगताना मलाच लाज वाटली. रस्त्यांचंही तेच. जुन्या पुस्तकात डांबराची प्रतवारी पेनिट्रेशनवर, म्हणजे सुई किती रुतते त्यावर, 80/100 वगैरे. 2006 पासून ती व्हिस्कॉसिटीवर (दाटपणावर) आहे, व्हीजी 10, व्हीजी 30 अशी. लवचीक फरसबंदीचा (डांबरी रस्त्याच्या थरांचा) कोड आयआरसी 37 तर 2012 ला आणि पुन्हा 2018 ला सुधारला. सर्व्हेइंगच्या जुन्या पुस्तकात साखळी आणि प्लेन टेबलवर शंभर पानं. आता अभ्यासक्रमात त्या विभागाचं नावच जिओमॅटिक्स आहे, जीपीएस आणि जीआयएस त्यात आलं.

उलट स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स, फ्लुइड, सॉइल यांची पुस्तकं वडिलांच्या वेळची असली तरी बेलाशक वापरा. बीम तसाच वाकतो आणि पाणी उताराकडेच जातं. मी मुलांना सांगतो, निसर्गाने ठरवलेलं असेल तर जुनं चालेल, समितीने ठरवलेलं असेल तर आवृत्तीचं साल बघा. (हे मी वर्गात इतक्यांदा म्हटलंय की मुलं आता माझ्या आधी म्हणतात.)

क्लासवाल्यांनीही खूश होऊ नये. सेकंडहँड बाजारात त्यांचे पाच-सहा वर्षांपूर्वीचे संच नवं वेष्टन घालून फिरतात. आत काय आहे ते घेणारा बघत नाही.

झिलाचो बापूस (मालवण)

तुमी सगळे पुस्तकांवरसून भांडतास, पन वाचतलो कोण? माज्या झिलान दोन वर्सां पार्सलां मागवल्यान. निम्म्यांचा प्लास्टिक अजून फाडूक नाय. पावसात वाळवी लागली तेवा पयल्यांदा कोणीतरी ती पानां उघडल्यान.

सातेरीची लेक (सावंतवाडी)

इथे सगळे दादालोकच बोलतायत म्हणून लिहिते. बारावीनंतर मला लोणेऱ्याला इंजिनिअरिंगला पाठवायलाही घरचे महिनाभर तयार नव्हते, पुढे क्लाससाठी पुण्यात खोली घेऊन राहणं तर सोडूनच द्या. मामा म्हणाला, पार्सल मागव. तो माझा क्लास होता. दर रविवारी एक चाचणी, तिच्या आधी अमुक प्रकरणं संपलेली हवीत, असा कागद त्यात होता. तो मी देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. आई पूजा करताना विचारायची, या आठवड्याचं झालं का? मूळ पुस्तकात शेवटचं पान असतं, शेवटची तारीख नसते. खाडीपलीकडच्या दादांना मित्र होता भरतीचा प्रश्न विचारायला. मला कोणी नव्हतं.

पैशाचंही बोलते. गेटवर प्रवेश मिळाला की एम.टेक.ला महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. दोन महिन्यांत पार्सल वसूल. काकांनी बागेला खत घालताना इतका विचार केला असेल का?

मात्र आज कोणी विचारलं तर सत्तावीस पुस्तकं घ्या असं मी म्हणणार नाही. चाचण्यांचा भाग वेगळा मिळतो, तो घ्या. परीक्षेत स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, स्क्रीनवरचा वापरावा लागतो, तोही माउसनेच, कीबोर्डला हात लावायचा नाही. पहिल्या चाचणीत माझी साधी त्रिकोणमिती सांडली, कारण बोटांना चार वर्षांची सवय वेगळ्या कॅल्क्युलेटरची. घरी वहीत सोडवून हे कधीच कळलं नसतं.

वाशिष्ठीकाठ

ताई, शेवटची तारीख नसते हे शंभर टक्के. माझं अख्खं म्हणणं तुम्ही एका ओळीत सांगितलंत.

कातळावरचा

चाचण्या ऑनलाइन. म्हणजे पुन्हा सडा.

सातेरीची लेक

दर रविवारी सायबर कॅफेत जायचे, तीन तासांचे पैसे आधी देऊन. मालक मागच्या कोपऱ्यातला संगणक राखून ठेवायचा. खरं सांगू, परीक्षेचा हॉल अगदी तसाच निघाला, अनोळखी खुर्ची आणि शेजारी कोणीतरी खोकणारं.

खाडीपलीकडचा

दहा दिवस गप्प होतो कारण प्रयोग चालू होता.

मुलाला मागच्या रविवारी आमच्या माडीवर बसवलं. लॅपटॉपवर मागचा एक पेपर, स्क्रीनवरचाच कॅल्क्युलेटर, दार बंद, फोन माझ्या बायकोकडे. गुण आले 31.67. अ‍ॅप्टिट्यूडमध्ये 15 पैकी 11, मॅथ्समध्ये फक्त 2. सॉइल आणि फ्लुइड बरं. एन्व्हायर्न्मेंटलमध्ये पूर्ण अंधार, कारण त्या सेमिस्टरला शिकवणारं कोणी टिकलंच नव्हतं. चुकीच्या टिकांनी सहावर गुण खाल्ले, तेव्हा वाशिष्ठीकाठ, तुमचा मुद्दा त्याच्या कागदावर लाल रंगात आला आहे.

ग्रंथालयातलं स्टीलचं पुस्तक घेऊन ये म्हटलं. उघडून बघितलं, 1984 चा कोड. लिमिट स्टेट सर, दंडवत. ते तिथल्या तिथे परत पाठवलं. सॉइल आणि स्ट्रेंथची मात्र ठेवली, दोन्ही माझ्यापेक्षा वयाने मोठी आहेत.

शेवटी ठरलं ते असं. सत्तावीस पुस्तकांऐवजी क्लासची दोनच, मॅथ्स आणि एन्व्हायर्न्मेंटल, दोन्ही चालू आवृत्तीची. चाचण्यांचा भाग पूर्ण. सातेरीच्या ताईंसारखा कागद त्यांच्याही देव्हाऱ्याशेजारी लागला आहे, त्यावर तारखा मुलानेच घातल्या. मी "घेऊ नका" म्हटलं होतं त्यातलं निम्मं मागे घेतो. उरलेलं निम्मं अजून माझंच आहे: पेपर आधी सोडवला नसता तर त्या घरात एन्व्हायर्न्मेंटलचं पुस्तक खालून तिसरं पडलं असतं.

काका अजून थेट बोलत नाहीत. पण काल त्यांच्याकडून मोठं तवसं (काकडी) आलं, आणि सोबत निरोप: पोरगा डिसेंबरात चाचण्या देणार असेल तर फवारणीला त्याच्या जागी तू ये.

कातळावरचा

पंप पाठीला लावायच्या आधी पट्ट्याखाली टॉवेल घ्या. आणि वारा बघून उभे राहा.