मदत हवी आहे: गिफ्टेड चॅटमध्ये अक्षर मोठं केलं की रफार, अनुस्वार कापले जातात

राजेहो, दोन दिवसांपासून अडकलोय.

घाटंजी तालुक्यातलं (जि. यवतमाळ) आमचं गाव. इथल्या कापूसवाल्यांच्या गटासाठी रिॲक्ट नेटिव्हमध्ये (मोबाइल ॲप बांधायची चौकट) साधं चॅट ॲप बांधतोय. कामगंध सापळ्यातल्या (मादीच्या वासाने नर पतंग पकडतो तो) बोंडअळीच्या पतंगांची रोजची मोजणी, डोमकळीचे (अळी लागल्याने न उमललेल्या फुलाचे) फोटो, एवढंच त्यात. (आधी नेहमीसारखा ग्रुप होता. सुप्रभातच्या गुलाबांखाली गुलाबी बोंडअळी हरवून जायची.) चॅटची स्क्रीन मुळापासून लिहायची माझी कुवत नाही, म्हणून गिफ्टेड चॅट ही तयार लायब्ररी घेतली, 2 च्या मालिकेतली.

बाकीचं जमलं. डावीकडच्या मेसेजचा फुगा मुळात फिका राखाडी, भर उन्हात वावरात दिसतच नाही. रेंडरबबलमध्ये रॅपरस्टाइलच्या लेफ्टला पिवळा दिला. डेजेएस या तारखांच्या लायब्ररीची मराठी फाइल आयात करून लोकेल 'एमआर' केलं, तारखाही मराठीत आल्या.

घोळ पुढे आहे. बाबांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वर 'अ+' बटण ठेवलं. दाबलं की टेक्स्टस्टाइलमधला फाँटसाइझ 16 चा 19, मग 22.

22 ला ओळीचं डोकंच उडतं. कोणी लिहिलं "सर्वांनी पंप धुऊन ठेवा", बाबांच्या फोनवर दिसलं "सवानी पप". बाबा म्हणाले, "काय वाचू बे याच्यात? अक्षरायची मुंडकी छाटल्यावानी दिसून रायली." फुग्याचं पॅडिंग वाढवलं, 'मुक्त' नावाचा फाँट लावून पाहिला, फरक शून्य. सापळ्यात सलग तीन दिवस रोज 8 पतंग आले की फवारणीचं ठरवायचं असतं, तिथे अर्धवट वाचून कसं चालेल?

दुसरं म्हणजे, बटण दाबल्यावर आधीचे मेसेज बारीकच राहतात, नवीन येईल तेवढाच मोठा. ॲप बंद करून उघडलं की मग सगळे मोठे. स्टेट (ॲपने लक्षात ठेवलेला आकार) बदलते, लॉगमध्ये दिसतं.

फोनच्या सेटिंगमधून अक्षर मोठं करा, हे कृपया सांगू नका. करून झालंय. बाकीच्या ॲपांची बटणं पडद्याबाहेर गेली आणि शिव्या मी खाल्ल्या.

प्रतिसाद:
भाऊ, पॅडिंगचा इथे संबंध नाही. मेसेजच्या मजकुराला आतून लाइनहाइट (ओळीची उंची) 20 दिलेली आहे. 16 च्या अक्षराला ती पुरते. तुम्ही अक्षर 22 केलं आणि ओळ 20 चीच ठेवली. रोमन अक्षराच्या डोक्यावर बरीच जागा रिकामी असते, त्यामुळे तिकडे चटकन लक्षात येत नाही. आपल्या शिरोरेषेवर तर रफार, वेलांटी, अनुस्वार सगळे दाटीवाटीने बसलेले. फाँटसाइझच्या शेजारीच लाइनहाइट लिहा, आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट. इन्क्लूडफाँटपॅडिंग (अक्षराच्या वर-खाली जास्तीची जागा ठेवणारी सोय) कुठे फॉल्स केलं असेल तर तेही काढा.

जुन्या मेसेजचं असं, की मेसेज स्वतः बदलला नाही तर त्याचा फुगा पुन्हा काढायचाच नाही, असं त्या लायब्ररीचं गणित आहे. वेग वाचतो. तुमचा आकार मेसेजच्या बाहेर आहे, तो त्याला कळत नाही. गिफ्टेड चॅटला आकार प्रॉप (बाहेरून दिलेलं मूल्य) म्हणून द्या, शुडअपडेटमेसेजमध्ये (फुगा पुन्हा काढायचा का, ते ठरवणारं फंक्शन) आधीचा आणि नवा ताडून पाहा, वेगळा असेल तर ट्रू परत करा. एक्स्ट्राडेटा या प्रॉपमध्येही तोच आकार टाका.

धागाकर्ता:
22 ला 36 दिलं, मुंडकी परत आली! इन्क्लूडफाँटपॅडिंग खरंच होतं, मीच कुठून तरी उचलून चिकटवलेलं. जुने मेसेजही लगेच मोठे होतात. बाबांनी "सर्वांनी पंप" दोनदा मोठ्याने वाचलं, आता 'अ+' अजून एक पायरी वाढव म्हणतात. फक्त फुग्याखालची वेळ अजून मुंगीएवढी आहे. तिला वेगळं काही लागतं का?

प्रतिसाद:
हो, टाइमटेक्स्टस्टाइल. लेफ्ट-राइट दोन्हीकडे द्या.