मदत हवी आहे: पाळी थांबल्यावर हाडं ठिसूळ, आहार पुरेल की हॉर्मोन लागतील?

ताईसाठी विचारतेय. वय 52, पाळी थांबून 3 वर्षं, गर्भाशय आहे. डेक्सात (हाडांची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोअर (-1 च्या खाली हाडं विरळ, -2.5 पासून ठिसूळ) मणक्याचा -2.1, खुब्याचा -1.6. ड जीवनसत्त्व 14, म्हणजे कमी. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम दोन्ही सकाळी उपाशीपोटी एकदमच घेते. दूध चहापुरतंच. रात्री घामाने गाऊन भिजतो, झोप मोडते. डॉक्टरांनी हॉर्मोन सुचवलेत, पण कॅन्सरच्या धास्तीने घरचे नको म्हणताहेत.

पारिजात:
आधी सकाळचा घोळ निस्तरा. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं, गोळी अंगी लागत नाही. मग टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) वाढलेलं दिसतं आणि डोस वाढवला जातो. दोन्हींत 4 तासांचं अंतर हवं. अंतर ठेवायला लागल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासाच, कारण आता तोच डोस जास्त होऊ शकतो आणि जादा थायरॉक्सिन हाडंच झिजवतं.

गोळ्यांची स्ट्रिप उलटून बारीक अक्षरं वाचा. 'कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिग्रॅ' असेल तर प्रत्यक्ष कॅल्शियम 500. 'कार्बोनेट 500' असेल तर जेमतेम 200! कार्बोनेट जेवणानंतर घ्यायचं, त्याला पोटातलं आम्ल लागतं. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट बरं. एका वेळी 500 च्या वर नको.

कॅल्शियमची दिवसाची गरज 1200 मिग्रॅ. 50 ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी साधारण 180, वाटीभर घट्ट दही तेवढंच. मांदेली काट्यांसकट खात असतील तर उत्तम. पालकावर विसंबू नका, त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियम सोडत नाही. आहारातून जेवढं कमी पडेल तेवढंच गोळीतून.

सोनटक्का:
कॅन्सरची धास्ती मुख्यतः हॉर्मोनवरच्या 2002 च्या अमेरिकन चाचणीतून आली. तिथल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. दोन हॉर्मोनची (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन) एकत्रित गोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग वर्षाला 10,000 मागे सुमारे 8 ने जास्त आढळला आणि खुब्याचे फ्रॅक्चर साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. साठीच्या आत, पाळी थांबून 10 वर्षांच्या आत आणि असा घाम येत असेल तर फायद्याचं पारडं सहसा जड असतं. नुसत्या -2.1 साठी मी हॉर्मोन सुचवणार नाही. इथे झोपमोड हे खरं कारण आहे.

गर्भाशय आहे म्हणजे इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर जाड होऊन तिथे कर्करोगाचा धोका वाढतो. गोळीपेक्षा पॅच किंवा जेलने रक्ताच्या गुठळीचा धोका कमी. आधी मॅमोग्राम आणि रक्तदाब तपासा. स्तनाचा कर्करोग, गुठळी, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर घेऊ नये. आणखी एक, हॉर्मोन थांबवले की हाडांची झीज पुन्हा सुरू होते. थांबवल्यावर पुढे काय, हे आत्ताच विचारून ठेवा.

धागाकर्ती:
दोघींचे आभार. ड जीवनसत्त्वाचं 60,000 युनिटचं पाकीट रोज घ्यायचं का?

पारिजात:
रोज अजिबात नाही! आठवड्यातून एक, सहसा 8 आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं महिन्याला एक. तूप-तेल असलेल्या जेवणानंतर घ्या. रोज घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: उलट्या, बद्धकोष्ठ, खूप तहान, मूत्रपिंडाला इजा. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा.